कपाळाच्या कातडीचे नाक

तुटलेले नाक पुन्हा घडवण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. त्यात गालाची कातडी वापरली जाई. कपाळाच्या कातडीची रीत युरोपात गाजली ती पुण्यामुळे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या, इंग्रजी फौजेतल्या गाडीवानाला पुण्याकडच्या वैद्याने नवे नाक बसवले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ती हकिकत छापली.

वैद्याने मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरले आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. भुवयांमधला देठ मात्र शाबूत ठेवला. सगळी मेख या देठात आहे: नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत कातडीला रक्त तिथूनच मिळते. सुमारे २५ दिवसांनी देठ कापला. लंडनमध्ये शल्यचिकित्सक कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच रीत वापरली. कर्करोगात नाक गेलेल्यांसाठी ती आजही वापरतात.

निव्वळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेत कपाळाला हात लावावा लागत नाही. नाकपुडीच्या आतून छेद घेऊन हाडाचा उंचवटा घासतात, कूर्चा कापतात किंवा नाकाच्या पडद्यातला तुकडा टोकाला जोडतात. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागते. त्याआधी आरशासमोर निकाल लावणे घाईचेच.