ठिपक्यांचे चित्र आणि रेषांचे चित्र

मंडळी, गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. मी तिथला माजी विद्यार्थी, तेव्हा फलक करून आणण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. शाळेचे बोधचिन्ह, म्हणजे मध्ये समई, खाली उघडे पुस्तक आणि भोवती वर्तुळात शाळेचे नाव, हे मुख्याध्यापकांनी मोबाईलवर पाठवले. मोबाईलवर ते मोठे रेखीव दिसत होते. मी तसेच ते फलक छापणाऱ्याच्या हवाली केले. समारंभाच्या दिवशी सकाळी फलक उलगडून पाहतो तो काय, समईच्या ज्योतीला जिन्यासारख्या पायऱ्या पडलेल्या, आणि नावाची अक्षरे अशी फुटलेली की जवळ उभे राहिले तर वाचता येईनात! आम्ही छापणाऱ्यावर चिडलो. पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. आम्ही त्याला द्यायचे होते एक आणि दिले भलतेच.

संगणकात चित्र दोन तऱ्हांनी साठवता येते. एका तऱ्हेला बिटमॅप म्हणतात, दुसरीला व्हेक्टर. नावे परकी खरी, परंतु दोन्ही तऱ्हा आपल्या घरात आणि शेतात पूर्वीपासून आहेत.

दोसुतीवर फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी भिंतीवर टांगलेला असेल. तो भरताना आई घरे मोजत असे : या ओळीत सात घरे हिरवी, पुढची दोन लाल, मग कापड मोकळे. दुरून पाहिले तर पोपट, जवळ गेले तर नुसत्या रंगीत फुल्या. चोच कोठे संपते आणि मान कोठे सुरू होते, हे त्या कापडाला ठाऊक नसते. कोणत्या घरात कोणता रंग, एवढेच त्याच्यावर मांडलेले असते. बिटमॅप चित्र हुबेहूब असेच. त्यातील एका घराला पिक्सेल म्हणतात; आपण ठिपका म्हणू. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श या संशोधकाने आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला, तो १७६ ओळींचा आणि दर ओळीत १७६ ठिपक्यांचा होता, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आज आपल्या खिशातल्या मोबाईलने काढलेल्या फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके सहज असतात. संख्या वाढली, तऱ्हा मात्र तीच राहिली.

आता आमच्या फलकाचा हिशेब करू. मोबाईलवर आलेले चिन्ह रुंदीला ३०० ठिपक्यांचे होते. ते फलकावर छापले पाच फूट, म्हणजे ६० इंच रुंद. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला इंचाचा पाचवा हिस्सा आला. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा एकेक ठिपका! मधली जागा संगणक अंदाजाने भरतो खरा, पण जो तपशील मुळात नोंदलेलाच नाही तो तो आणणार कोठून?

दुसरी तऱ्हा समजायला शेतात चला. आपल्याकडे जुन्या काळी जमिनीची मोजणी शंकू आणि साखळीने झाली. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा. मोजणीदार शेतातून एक मूळ रेषा धरून साखळीने चालत जाई. वाटेत बांधाचा कोपरा आला, की रेषेवर किती अंतर आलो आणि तेथून डाव्या किंवा उजव्या हाताला कोपरा किती दूर, हे तो टिपून ठेवी. या नोंदीला टिपण म्हणतात. टिपणातली आकृती हातानेच काढलेली, ओबडधोबड असते. तिचे सारे बळ आकड्यांत असते. ते आकडे घेऊन तुम्ही पोस्टकार्डाएवढा नकाशा काढा, नाही तर अंगणभर रांगोळीने काढा, दोन्ही सारखेच बिनचूक येतील.

व्हेक्टर चित्र म्हणजे असे टिपण. त्यात चित्र नसते, चित्र कसे काढावे याची नोंद असते : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा, या मध्याभोवती एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढून आत पिवळा रंग भरा. वळणदार रेषेसाठी दोन टोके सांगतात, आणि कामटी कोणत्या बाजूला किती ताणून वाकवायची हे दाखवणारे आणखी एक-दोन बिंदू सांगतात. ही युक्ती फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत निघाली. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली तिचे गणित बसवले आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी ती वापरात आणली. नाव मात्र बेझिए यांचेच राहिले. मोटारीच्या पत्र्याचा बाक सांगण्यासाठी काढलेल्या त्या गणिताने आज संगणकातल्या आपल्या ‘क’ची आणि ‘ळ’ची वळणे काढली जातात. म्हणूनच संगणकावर टाइप केलेले अक्षर कितीही मोठे केले तरी फुटत नाही.

मग सगळीच चित्रे अशी का ठेवू नयेत? आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि आंब्याच्या पानांवरचे ऊन यांचे टिपण कोण करणार? तेथे ठिपकेच हवेत. बोधचिन्ह, अक्षरे, नकाशा, भूमितीतली आकृती यांना रेषा बऱ्या. अखेर मोबाईलचा पडदाही ठिपक्यांचाच असतो, पण व्हेक्टर चित्र दर वेळी मूळ नोंदीवरून त्या मापाला नव्याने काढले जाते.

गुरुजनांना एक सांगतो. शाळेचे चिन्ह ज्याने संगणकावर काढले त्याच्याकडून मूळ फाइल मागून ठेवा. नावाच्या शेवटी एसव्हीजी किंवा सीडीआर असेल तर बहुधा ती रेषांची असते. जेपीजी आणि पीएनजी या ठिपक्यांच्या. पीडीएफमध्ये दोन्ही असू शकते, ती खूप मोठी करून पाहावी, कडा फुटतात का ते लगेच कळते. ठिपक्यांच्या फाइलीचे नाव बदलून ती रेषांची होत नाही. टिपणावरून नकाशा कधीही काढता येतो, पण नकाशावरून टिपण परत मिळत नाही. मिळतो तो अंदाज.

फलकाचे एक वेळ हसण्यावारी नेता येईल, जमिनीचे तसे नाही. आता सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक घातला की आपल्या शेताची आकृती मोबाईलवर दिसते. कागदी गावनकाशांच्या प्रतिमा घेऊन, त्यांवरील रेषा संगणकावर गिरवून असे नकाशे होतात. ती रेषा व्हेक्टर असते. कितीही जवळ घ्या, ती केसासारखी बारीकच राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपला बांध इंचाइंचाने ठरला. पण मूळ कागदाचा हिशेब पाहा. एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, अशा प्रमाणाचा नकाशा असला, तर त्यावर शाईची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर तेरा फूट जागा व्यापते! गिरवणाऱ्याने त्या रेघेच्या अलीकडच्या कडेने गिरवले की पलीकडच्या, हे मोबाईल सांगत नाही.

आमच्या शेजारच्या मळ्यातले दोघे भाऊबंद असेच बांधावर मोबाईल धरून चार फुटांसाठी भांडत होते. मी त्यांना हा तेरा फुटांचा हिशेब मातीत काडीने मांडून दाखवला. थोरला बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग धाकट्याला म्हणाला, “गाडी काढ.” दोघे एकाच मोटारसायकलवरून तालुक्याला भूमी अभिलेख कार्यालयात गेले. टिपणाची नक्कल मागितली आणि मोजणीचा अर्ज देऊन आले.