एका गाठीतले अनेक वंश

कर्करोगाची गाठ एका पेशीच्या वंशातून वाढते, पण तिच्यातल्या पेशी एकसारख्या राहत नाहीत. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि वंशाला फांद्या फुटत जातात. पीटर नॉवेल यांनी 1976 साली हा विचार नेटकेपणाने मांडला. तो पुरेपूर तपासता येईल अशी साधने मात्र तेव्हा नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे दिसत. त्यांतले एकेक अक्षर वाचता येत नसे.

मुंबईत परळला 1952 साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्या पिढीच्या संशोधकांपुढचा प्रश्न गाठीतल्या वंशांचा नव्हे, तर रोग कशाने होतो हा होता, आणि तंबाखू चघळण्याचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी चिकाटीने नोंदवला. हीच संस्था पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला खारघरला आली. टाटा मेमोरियल सेंटरचे हे केंद्र आज ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखले जाते.

2008 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघ स्थापन झाला आणि गाठींतला डीएनए वाचण्यासाठी देशांनी कर्करोग वाटून घेतले. जपानने विषाणूंमुळे होणारा यकृताचा कर्करोग घेतला. भारताने हिरडी आणि गालाच्या आतल्या बाजूचा, म्हणजे जिथे तंबाखू-चुन्याची गोळी दाबून ठेवतात तिथला. ही निवड अगदी योग्य होती. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक यांनी 50 रुग्णांच्या गाठींतली प्रथिने घडवणारी जनुके वाचली, निष्कर्ष आणखी 60 रुग्णांत पडताळले आणि 2013 साली प्रसिद्ध केले. टीपी53, कॅस्प8 ही ओळखीची जनुके सापडलीच. यूएसपी9एक्स, एआरआयडी2 अशी या रोगात पूर्वी न नोंदलेलीही सापडली. रुग्णांचे जनुकीय उपगटही दिसले. मात्र गाठीतला कोणता बदल नवा आणि कोणता जन्मतःच मिळालेला, हे निरोगी डीएनएशी ताडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी 2016 मध्ये ॲक्ट्रेकमधून भारतीय रुग्णांच्या निरोगी पेशींवर आधारलेला संदर्भकोश निघाला.

उपगटांचा हा फरक रुग्णारुग्णांतला. एकाच गाठीच्या आत किती फरक असतो, हे 2015 साली यकृताच्या एका गाठीने दाखवले. चुंग-आय वू यांच्या गटाने जेमतेम साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीतून सुमारे 300 नमुने काढले आणि त्यांपैकी 23 नमुन्यांतली सर्व प्रथिन-जनुके वाचली. संपूर्ण गाठीत या जनुकांतली 10 कोटींहून अधिक उत्परिवर्तने असावीत, असा अंदाज निघाला. त्यांचा पसारा डार्विनच्या निवडीने झाल्यासारखा दिसला नाही. बहुतेक बदल पेशींना ना लाभाचे ना तोट्याचे, नुसते वंशाबरोबर वाहत आलेले होते. इथे धसका बसावा असे एक गणित आहे: इतकी विविधता असेल, तर औषधाला दाद न देणारी एखादी पेशी पहिल्या गोळीआधीच गाठीत असू शकते. बायोप्सीच्या सुईत आलेल्या सुतळीएवढ्या तुकड्यात ती नसेलही.

यकृतात वंशावळ शोधायला आणखी एक खूण मिळते. हिपॅटायटिस बीचा विषाणू आपला डीएनए पेशीच्या डीएनएत खुपसतो. दोन गाठींत तो नेमक्या एकाच जागी सापडला, तर त्या एकाच मूळ पेशीच्या. जागा निरनिराळ्या असतील, तर गाठी स्वतंत्रपणे उपजल्या असण्याची शक्यता मोठी. काही बदल मात्र बुंध्यातच असतात आणि सगळ्या फांद्यांत उतरतात. यकृताच्या पुष्कळ गाठींत टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल असा फार लवकर घडलेला असतो. तो प्रथिन घडवणाऱ्या भागाबाहेर असल्याने केवळ तेवढाच भाग वाचणाऱ्या चाचणीतून सहज निसटतो.