नाव न विचारणारी मीटिंग

सिंगापुरातल्या मराठी घरात कुणाची दारू हाताबाहेर गेली, की घरचे आधी ती लपवतात आणि मग देवासमोर शपथ घ्यायला लावतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगा याच शहरात भरतात. पण काही घट्ट गैरसमजांमुळे तिकडे पाय वळत नाही.

‘नाव फुटेल, नोकरी आणि पास दोन्ही जातील.’ सगळ्यांत जास्त अडवते ती हीच भीती. मला वाटतं, इथे ड्रग्जच्या कायद्याशी गल्लत होते. ड्रग्जचं व्यसन असलेला रुग्ण आला तर डॉक्टरला ते सरकारला कळवावं लागतं. दारूला तो नियम नाही. एए तर दवाखानाही नव्हे. तिथे हजेरीपट नसतो, कुणी आडनाव विचारत नाही, फी नाही. खर्च सभासद स्वेच्छेने देतात त्या पैशांतून भागतो; बाहेरची देणगी घेतली जात नाही. अट एकच: पिणं सोडायची इच्छा हवी.

‘तिथे उपदेश ऐकावा लागतो.’ एएचा जन्मच याच्या उलट झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन कामासाठी ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. व्यवहार फसला आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्याने फोन फिरवले ते बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळावा म्हणून, आणि तेही स्वतः वाचण्यासाठी. त्याची गाठ पडली सर्जन बॉब स्मिथशी. पंधराच मिनिटं थांबणार, असं ठरवून डॉक्टर आले होते. बोलणं चाललं सहा तासांच्या आसपास. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. आपल्यासारखंच प्यालेला माणूस स्वतःची कहाणी सांगतोय, हे नवं होतं. आजही मीटिंगमध्ये जो तो स्वतःबद्दलच बोलतो. ऐकून गप्प बसलात तरी चालतं.

‘एकदा घसरला की संपलं.’ डॉ. बॉब त्या भेटीनंतरही एका अधिवेशनाला गेले आणि पिऊन परतले. ऑपरेशनच्या दिवशी थरथरते हात स्थिर व्हावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअर दिली. ती त्यांची शेवटची. १० जून १९३५ हा तो दिवस एएचा स्थापना दिवस मानतात.

‘हा ख्रिस्ती प्रकार आहे.’ मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत, हे खरं. पण एएच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातला देव ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानायचा, नास्तिकही येतात. आणि एकमेकांना सावरण्याची ही रीत काही फक्त ख्रिस्ती नाही: पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही १९८६ पासून व्यसनातून बाहेर पडलेली माणसं नव्यांना हात देत आली आहेत.

‘याला शास्त्रीय आधार नाही.’ वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहणं टिकवण्यात एएशी जोडणारे आखीव कार्यक्रम इतर मान्य उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले.

एक गैरसमज मात्र जिवावर बेततो: ‘मीटिंगला जातोय, मग डॉक्टर कशाला?’ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित मृत्यूही. आधी वैद्यकीय सल्ला हवाच. त्यासाठी इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये व्यसनांचा स्वतंत्र विभाग आहे.

आणि नवरा कुठेच यायला तयार नसेल तर? बिलची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी अल्-अनॉन उभं केलं. तिथे बायकोला, आईला, मुलांना एकटं जाता येतं, पिणारा अजून पीत असला तरीही.