गायरानावर सौर प्रकल्प येतोय? आधी सातबारा बघा

गावात मोजणीची माणसं आली, गायरानात खुणा केल्या की लगेच चर्चा सुरू होते, 'गायरान विकलं!' खरं काय आहे ते आपण नीट समजून घेऊ.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, हा हेतू. त्यासाठी महावितरणच्या उपकेंद्राजवळ जमीन लागते. शासकीय जमीन विकली जात नाही, ती ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. भाडं नाममात्र, वर्षाला १ रुपया. खासगी शेतकऱ्यासाठी मात्र हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याचा दर आहे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. प्रकल्प झालेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे ३ वर्षं निधी मिळतो.

दिवसा वीज मिळाली तर रात्री पाणी द्यायला शेतात जावं लागणार नाही. हा फायदा मोठा आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते आणि तिला कुंपण पडतं. ज्या भूमिहीन घराची चूल चार शेळ्यांवर चालते, त्यांनी चरायला कुठे जायचं?

दुसरी बाब आपल्या जास्त जवळची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार सरकारी जमीन गुरचरण, स्मशान, दफनभूमी अशा कामांसाठी राखून ठेवता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. पण आपल्या कब्रस्तानाची तशी नोंद आहे का? पिढ्यान्‌पिढ्या दफन होतंय, पण कागदावर नुसतं 'गायरान' लिहिलेलं असेल, तर मोजणीत ती जागाही धरली जाऊ शकते. वक्फ मंडळाकडे नोंद असलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी, तिला वक्फ कायदा लागू होतो.

म्हणून आजच तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा आणि नकाशा काढा. कब्रस्तान, ईदगाह किंवा तिकडे जाणारी वाट नोंदलेली नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत विषय आला तर हजर राहा, घरातल्या बायकांनाही न्या. म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या. शेळ्या-गुरांसाठी जागा सोडा, ही मागणी सगळ्या समाजांनी मिळून करावी, कारण गायरान साऱ्या गावाचं आहे.

कुंपण पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी कागद बघितलेला बरा.