वादकाची स्फूर्ती आणि पेटीची साक्ष

दिल्लीत मुनिरक्याला आमच्या शेजारी एक तरुण रोज सायंकाळी पेटीवर यमन वाजवतो. काही दिवशी मात्र तो अर्ध्या घटकेतच पेटी मिटतो आणि म्हणतो, “आज काही सुचत नाही.” स्फूर्ती आधी यावी आणि बोटांनी ती केवळ उतरवून घ्यावी, अशी त्याची समजूत आहे. आपल्या समीक्षेतही हीच समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती तपासून पाहावयाची, तर त्याच्यापुढची पेटीच साक्षीला घ्यावी.

पेटीवरील आक्षेप सर्वश्रुत आहेत. तिच्या सप्तकातील बारा स्वर आधीच बांधलेले. दोन पट्ट्यांमधील श्रुती तिला साधत नाही व खरी मींडही घेता येत नाही. अशा आक्षेपांमुळे १९४० मध्ये नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. स्फूर्ती जर स्वराच्या मुक्ततेवरच अवलंबून असेल, तर या वाद्यात तिला थारा मिळू नये.

गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचे वादन या निष्कर्षाला बाध आणते. साथीच्या या वाद्याला त्यांनी स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या कानांवर संस्कार होते ते भास्करबुवा बखले, अल्लादिया खाँ यांच्यासारख्या गवयांचे. गळ्यातील मींड कानात घुमत असते, पण बोटांखाली ती नसते. मग वादकाला कणस्वर, स्वरांची सलग जोडणी आणि भात्याचा कमीअधिक दाब यांच्या आधारे तिचा भास निर्माण करावा लागतो. कान आणि बोटे यांमधील हे अंतर ओलांडण्याच्या खटपटीतच उपज जन्मास येते. म्हणजे ती वाजवता वाजवता सुचते.

१९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’साठी गोविंदरावांनी पूर्वेकडील ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली मराठी पदांना दिल्या. तेथेही ऐकलेले दुसऱ्या घाटात बसवण्याचीच अडचण होती. आपल्या संगीतविषयक ग्रंथाला त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची कारणे सांगितली. परंतु ‘हेतु’ हा शब्द एकवचनी योजून ती तिन्ही मिळून एकच कारण ठरवले. वादनाला हे सूत्र अधिकच लागू पडते. अनुवादकाचाही अनुभव याहून निराळा नाही: मूळ वाक्य आपल्या भाषेत बसण्याचे नाकारते, तेव्हाच नवा शब्द सापडतो.

तेव्हा वादनाचे परीक्षण करताना कलावंताची मनःस्थिती शोधीत बसण्यापेक्षा त्याने कानात काय साठवले होते, वाद्याने कोठे अडवले आणि तेथे त्याने काय केले, हे पाहावे. शेजारच्या तरुणालाही एवढेच सांगावेसे वाटते: सुचत नाही म्हणून पेटी मिटू नये, सुचण्याची जागा तीच आहे.