अकालजात अर्भक आणि मेंदूंतील शोथ

सातमाशी मूल जगतें, अठमाशी जगत नाहीं, असा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा समज आहे. तो खरा नाहीं. गर्भाशयांत जितके दिवस अधिक, तितकें अर्भक बळकट. चांगली शुश्रूषा मिळाल्यास हल्लीं 32 आठवड्यांचीं मुलेंही बहुतेक जगतात. येथें नाशकांत एका स्नेह्यांच्या घरीं असें नातवंड रुग्णालयांतून आलें, तें पाहावयास आम्ही गेलों होतों. आजोबांनीं ओसरीवरच विचारलें, “मास्तर, जगलें तर खरें, पण चालेल ना?”

या इजेचें खापर पूर्वीं बहुधा प्राणवायूच्या तुटीवरच फोडीत. आतां दुसरें कारणही ठाऊक झालें आहे. तें म्हणजे शोथ. कांटा रुतला म्हणजे बोट लाल होऊन सुजतें, तो शरीराचा बचावच होय. परंतु गर्भाच्या आवरणांस, किंवा जन्मानंतर रक्तास, जंतुसंसर्ग झाला तर हाच बचाव अर्भकाच्या सर्वांगांत पेटतो व मेंदूंतील रक्षक पेशींस चेतवितो. मज्जातंतूंवर मेदाचें वेष्टण चढविणाऱ्या पेशी सुमारें 23 ते 32 आठवड्यांच्या काळांत फार कोवळ्या असतात. त्या या आगींत होरपळतात. पायांकडे जाणारे तंतू मेंदूंतील पोकळ्यांच्या अगदीं लगत असतात आणि इजाही तेथेंच अधिक होते. म्हणून अशा मुलांचे हातांपेक्षां पाय अधिक ताठतात.

हा शोथ विझविणारें खात्रीचें औषध अद्याप नाहीं. संसर्ग टाळणें व तो लवकर ओळखणें हें मात्र साधतें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनें 39 खेड्यांत गांवच्याच बायकांस नवजातांचा जंतुदोष ओळखून घरीं उपचार करण्यास शिकविलें. 1999 सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातमृत्यु इतर खेड्यांच्या मानानें 62 टक्क्यांनीं घटले. मोजले गेले ते मृत्यु. मेंदूस जाळणारा जंतुदोष मात्र तोच.

जातकर्मांत मधुघृतप्राशन सांगितलें आहे हें आम्ही जाणतों. तरीही अशा अर्भकाच्या मुखांत मध अथवा बाळगुटी घालूं नये. मातेचें दूध द्यावें. ओढतां न आल्यास काढून वाटी-चमच्यानें पाजावें. त्यानें आंतड्यांचा भयंकर शोथही पुष्कळ टळतो. मातेनें त्यास उघड्या उराशीं धरावें. टाळूवाटें मेंदूचें चित्र काढतां येतें, पण बारीक इजा त्यांत दिसतेच असें नाहीं. म्हणून पहिलीं दोन वर्षें मूल डॉक्टरांस दाखवीत राहावें.

आजोबांस आम्हीं इतकेंच सांगितलें. आम्हांस त्या दिवशीं पडसें झालें होतें. नातवंड न पाहतांच परतलों.