भाजलेल्या मानेखालची उशी

भाजलेलं माणूस दवाखान्यातून घरी आलं की आपण मायेनं त्याच्या डोक्याखाली उशी सारतो. कामठीत आमच्या शेजारच्या, मान भाजलेल्या काकूंकडे आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सगळ्यात आधी तीच काढली. टॉवेलची गुंडाळी करून खांद्याखाली ठेवली, तशी मान मागे ताणली गेली. काकू कळवळल्या. "दुखते, मला समजते. पण मान अशीच राहू द्या जी," ताई म्हणाल्या.

खोल भाजलेली जखम भरताना आकसते. ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमका त्याच स्थितीत सांधा आखडतो. मग हनुवटी छातीकडे ओढली जाते, काख उघडत नाही, बोटं तळव्याकडे वळतात. ताईंनी तेलाचं बोट फिरवत व्रण हळूहळू ताणला. तो पांढुरका पडला, तेव्हा हात थांबवला आणि ताण तसाच धरून ठेवला. हे रोज, दिवसातून अनेकदा करायचं. शिवाय व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा, म्हणजे प्रेशर गारमेंट, दिवसाचे 23 तास, व्रण मऊ आणि फिका होईपर्यंत. त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात.

आणि इथला उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो. खोल भाजलेल्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथी गेलेल्या असतात, त्यामुळे फार भाजलेल्या माणसाला ऊन लवकर बाधतं. त्यात खाज अशी की झोप लागू देत नाही. कूलरसमोरची जागा अशा माणसाचीच, असं मला वाटतं.

इथवर पोचणंही सोपं नसतं. पहिल्या दोन दिवसांत रक्तातलं पाणी झिरपून बाहेर जातं, रक्तदाब आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. धुरानं श्वासनलिका सुजते. पुढे उघड्या जखमेतून जंतू रक्तात शिरतात. 3 फेब्रुवारी 2020 ला हिंगणघाटात पेट्रोल टाकून पेटवलेल्या तरुण प्राध्यापिकेला उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. तिच्या श्वसनमार्गालाही गंभीर इजा झाली होती. 10 फेब्रुवारीला ती गेली.

जी माणसं वाचतात, त्यांचा व्यायाम घरच्यांनी दयेपोटी थांबवू नये. सांधा पुरता आखडला की बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. आणि कुणाच्या जुन्या, अगदी तीस वर्षांपूर्वीच्या व्रणावर नवी जखम होऊन ती आठवड्यांमागून आठवडे भरत नसेल, तर मलम बदलत बसू नका. अशा व्रणात कर्करोग होऊ शकतो. सर्जनकडून तुकडा तपासून घ्या.